झडती

मुंबई नाक्याजवळच्या तळघरात
पगारे नावाचा पोरगा म्हणाला,
"मावशी, अंगावर धातू काय काय आहे?"
मला हसू आलं.
एकतीस वर्षं रोज पाळी सुटताना
नाशिकरोडच्या प्रेसच्या फाटकात
हाच प्रश्न, दुसऱ्या शब्दांत.
हात वर. पदर झटका. डबा उघडा.
तेव्हा भीती काही बाहेर जाईल याची,
आज काही आत जाईल याची.

कानातली निघाली, आकडे निघाले,
जोडवी निघेनात.
हे गुडघे कडकड वाजवत खाली बसले,
खोबरेल लावून, फिरवून फिरवून एकेक काढलं,
अडतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायांशी,
आणि रुमालात गाठ मारून म्हणाले, "जा."
बोटांवर पांढऱ्या खाचा उरल्या.

आत मे महिन्यातही डिसेंबरची पहाट.
पाठीखाली फळी, गुडघ्यांखाली लोड,
कानांत बोळे, डोक्याला दोन्हीकडून स्पंज,
तोंडावर पांढरा पिंजरा.
हातात रबरी फुगा: "घाबरल्या तर दाबा."
मग फळी सरकते,
भट्टीत पाव सरकावा तशी.
नाकापासून चार बोटांवर छप्पर.
मी डोळे मिटले. मिटलेले बरे.

आधी ठक.
थांबून, ठक.
मग कुणीतरी पत्र्याचं पिंप बडवतं,
मग एकच सूर, दाढेच्या मुळाशी शिरणारा,
मग
खड खड खडाक, खड खड खडाक
आणि मी ओळखलं.
शीट येतंय, शीट जातंय.
फक्त शाईचा वास नाही.
या आवाजात आम्ही भाकऱ्या खाल्ल्या,
भांडलो, ओठ वाचायला शिकलो,
लेकीच्या पहिल्या दाताची बातमी मी हातवाऱ्यांनी सांगितली.
माझे खांदे आपोआप खाली आले.

हिराबाई दोंदेनं पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं,
"दोष शोधायला जाऊ नको गं.
डोळा ढिला सोड, कागद जाऊ दे.
दोष असेल तर तो आपणहून हाक मारतो."
रेघ सुटलेली. शाई फुटलेली. अर्धाच आकडा.
लाल पेन्सिलीची फुली, की पुढचं.

आता शीट मीच.
काचेपलीकडे पगारे
माझ्या पातळ पातळ चकत्या सरकवतो.
त्याचा डोळा ढिला असेल का?
की त्याला नुसती बटणं येतात,
आणि बघणारा कुणी वेगळाच,
गंगापूर रोडला, जेवून उठल्यावर?

नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.
इतकी मोठी खाज मी कधी पाहिली नव्हती.

मग दंडातून थंड धार चढली,
काखेपर्यंत मोजता आली,
आणि जिभेवर पैसा चोखल्याची चव.
अंगावरचा धातू बाहेर ठेवायला लावला
आणि हा आतून घातला!
हसू दाबलं तरी पिंजरा हलला असावा.
"मावशी, हलू नका."

बाहेर ऊन अंगावर पांघरुणासारखं.
रिक्षात मांडीवर भलंमोठं पाकीट. रिपोर्ट उद्या.
जेलरोडला घरी आले, चप्पलही न काढता
फिल्म खिडकीशी धरली. सवय.
चोवीस चौकटी, चोवीसदा मी,
आडव्या चिरलेल्या कोबीसारखी.
अकराव्या चौकटीत उजवीकडे
काहीतरी फिकट. वाफेएवढं.

डोळा ढिला सोडला.
उजेडाशी धरल्याशिवाय दिसू नये असं काही
कागदात मुद्दामच ठेवलेलं असतं, पाण्याची खूण,
तिच्यावरून तर कागद खरा ठरतो.
डागही उजेडातच दिसतो.
हाक काही ऐकू आली नाही. किंवा कान अजून
खड खड खडाक मध्येच होते.

"दिसतंय का काही?" हे मागून विचारतात.
"आधी जोडवी द्या," मी म्हणते.
रुमालाची गाठ
त्यांच्याच्यानं सुटत नाही.